वरच्या आळीची कमान

१९ जुलै, रविवार

ही डायरी नावेच्या रंगाच्या डब्यांबरोबर फुकट आली. अर्धं वर्ष गेलं तरी तिला कोणी हात लावला नव्हता. शेवटी एर्कोलेने ती माझ्या अंगावर फेकली. "घे रे मातीखाऊ. तुला सारखं काहीतरी विचारायचं असतं ना, हिला विचार. आमचे कान सुटतील."

दक्षिणेकडून आलेल्या माणसाला इकडे मातीखाऊच म्हणतात. एर्कोले माझा मालक. स्वतःच्या सगळ्यात चांगल्या नावेलाही तो म्हातारी घोडी म्हणतो, म्हणून त्याचं मी मनाला लावून घेत नाही.

तर नाव सावेरिओ. शाळा तिसरीपर्यंत, तीही बकऱ्यांनी सोडलं त्या दिवशी. घर सोडल्यापासून तोरिनोत विटा वाहिल्या, जेनोव्हात पोती वाहिली, आणि आता इथे कार्वेनोत तळ्याकाठी नावांच्या भेगांत काथ्या ठोकतो. दुसरं वर्ष चालू आहे. इतका मी कुठेच टिकलो नव्हतो. चुलतभाऊ स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात आहे, ये म्हणतो. ऑक्टोबरात जाईन. एक जागा पाहून झाली की पुढची कशी असेल हे डोक्यात सुरू होतं, त्याला मी तरी काय करू.

राहतो वरच्या आळीत, ओर्सोलामावशींच्या माडीवर. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला मावशीच म्हणतात. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तुझ्या आईची बहीण नाही." आता चालतं. नवरा वारला, मुलगा फाउस्तो ब्रेशाला नोकरीला. स्वयंपाक चांगला, फक्त पोलेंटा फार. रोज मक्याचं पीठ घोटायचं आणि रोज तेच खायचं.

मावशींना गेल्या हिवाळ्यापासून एक खूळ लागलंय. सकाळी मी खाली आलो की विचारतात, "आज तळं कुठल्या रंगाचं आहे?" खिडकी त्यांच्या समोर, तळं खिडकीखाली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "पाण्याच्या." त्यांनी कॉफीच दिली नाही. मग नीट पाहायला लागलो. आज म्हटलं, "काठाला हिरवं, कच्च्या बदामासारखं, आणि मधे काळपट." त्यांनी मान हलवली आणि कॉफी दिली.

२३ जुलै

तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला ईस्टरपासून कुलूप आहे. जेवण झालं की मावशी आत जातात, आतून कडी लावतात. कागद कुरकुरतो. मेण वितळल्याचा वास येतो. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही."

एर्कोलेला विचारलं. तो हातोडी टाकून हसत सुटला. "दीड वर्ष इथे आहेस आणि तुला माहीत नाही? पाच वर्षांनी येतो तो सण. सप्टेंबरात."

कॉलऱ्याच्या साथीत गावाने नवस केला, तेव्हापासूनचा हा सण. वरच्या आणि खालच्या आळीत पाइनच्या फांद्यांच्या कमानी उभारायच्या आणि त्या कागदी फुलांनी झाकायच्या. प्रत्येक घराला एक फूल ठरवून दिलेलं. कोणतं, ते घराबाहेर फुटता कामा नये. शेजारणीलासुद्धा आदल्या दिवशीच दिसायचं.

"आणि फुटलं तर?"

"माझ्या आत्याच्या नवऱ्याने एकदा दारूच्या गुत्त्यात सांगितलं. मेला तेव्हा खांदा द्यायला माणसं शेजारच्या गावातून आणली."

एर्कोले खालच्या आळीतला. जाता जाता म्हणाला, "तुझ्या म्हातारीकडे काय चाललंय ते जरा बघून सांग ना." मी म्हटलं, नाही. पण बघायची इच्छा तेव्हापासून डोक्यात बसली आहे ती बसलीच.

२ ऑगस्ट

मावशी भारी हुशार बाई. कोणी दारात आलं की मान वर न करता नाव घेतात. टपालवाला, पाद्री, समोरची ज्युदित्ता, सगळे पायांवरून ओळखतात. मी विचारलं, कसं काय? म्हणाल्या, "प्रत्येक जण वेगळा चालतो. तू असा चालतोस जसं मागून कोणी हाक मारणार आहे."

मला मात्र घरातली वस्तू हलवायची परवानगी नाही. काल खुर्ची जरा खिडकीकडे ओढली तर त्या येऊन तिच्यावर आपटल्या आणि मलाच बोलल्या. शिस्त म्हणजे शिस्त. आमची आई अशी असती तर आम्ही सगळे पोलिसात भरती झालो असतो.

९ ऑगस्ट, रविवार

पाहिलं. लिहून टाकतो.

सगळे चर्चमध्ये होते. मी मागच्या बाजूला गारांनी वाकलेली पन्हळ सरळ करत होतो. त्या खोलीच्या खिडकीच्या झडपेची एक पट्टी तुटलेली आहे. मी तोडली नाही, तुटलेलीच होती. डोळा लावला.

टोपल्याच टोपल्या, आणि त्यांत निळी फुलं. एवढी मोठी, की एकाने हात भरेल. पाकळीवर पाकळी, मधे घट्ट मिटलेली, कडेला उलगडत गेलेली. शाईसारखा निळा, मेणामुळे नुकताच पाऊस पडल्यासारखा. मागे भिंतीशी थोड्या टोपल्यांत लालही होती. आमच्या डोंगरात बदामाचा मोहोर सोडला तर फूल म्हणावं असं काही नाही. असलं फूल तर मी कधीच पाहिलं नव्हतं. हे कुठे उगवत असेल? वर बर्फाजवळ?

संध्याकाळी मावशींकडे बघवेना. त्यांनी दोनदा विचारलं, पोरा, बरं नाही का. एवढं सुंदर पाहून ते कोणाला सांगता येत नाही, म्हणजे जिभेवर निखारा.

१५ ऑगस्ट

मेरीच्या सणाची सुट्टी. पाद्र्यांनी त्यांच्या बागेत सगळ्यांना सरबत दिलं. आणि तिथे, भिंतीलगत, तेच फूल. तीच पाकळीवर पाकळी. पण लाल, पिवळं, पांढरं.

"हे कोणतं, फादर?"

"डेलिया."

"यातलं निळं कुठे लावलंय?"

ते खो खो हसले. "निळा डेलिया देवानेच केला नाही, मी कुठून लावू?"

सगळे हसले. मी पण हसलो. ज्युदित्ता हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. ही समोरच्या घरातली, मासेमारीची जाळी विणायच्या कारखान्यात जाते. बोलते कमी, आणि जे बोलते ते चावतं.

मग मावशींनी निळी का केली असतील? कुणीच केलं नाही म्हणून? तसं असेल तर मला मावशी आणखीच आवडल्या.

१६ ऑगस्ट

आज मी एक वाईट गोष्ट केली. रात्रभर ती खुर्ची आठवत होती. आणि सुईत दोरा ओवायला मला बोलावतात ते. आणि पायांवरून माणूस ओळखणाऱ्या बाईला ज्युदित्ता गुपचूप उभी राहिली की ती दिसत नाही ते.

सकाळी त्यांनी विचारलं. तळं दुधाळ होतं, धुक्यातलं. मी म्हटलं, "जांभळं आहे मावशी. पिकल्या वांग्यासारखं."

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. किती वेळ. मग म्हणाल्या, "होय, आहे खरं. असं क्वचित होतं." आणि पाववाली आली तेव्हा तिलाही सांगितलं, तळं बघितलंस का, जांभळं झालंय. पाववाली बाहेर बघून, मग माझ्याकडे बघून, "हो तर," म्हणाली आणि निघून गेली.

मी कॉफी तशीच ठेवली. मी खरं काय ते पाहायला गेलो आणि पाहिलं. आता त्याचं काय करू?

२३ ऑगस्ट, रविवार

फाउस्तो आला होता. चाळिशीचा, चकचकीत बूट, चांगला माणूस आहे, वाईट म्हणता येणार नाही. सोबत मिलानोचा एक हॉटेलवाला. त्याने आमच्या माडीवरून तळं पाहिलं आणि "अहाहा" केलं. माझ्या खाटेवर उभा राहूनसुद्धा पाहिलं.

मावशींनी काय नाटक केलं. कॉफी ओतली, एक थेंब सांडला नाही. हॉटेलवाल्याला म्हणाल्या, "कोट छान आहे तुमचा." मी मधे मधे वस्तू पुढे सरकवत होतो, साखर, चमचा, न मागता. आम्ही दोघांनी मिळून असं काम केलं की जसा करवतीचा एक दांडा त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. एकमेकांशी एक शब्द न बोलता.

जाताना फाउस्तोने मला जिन्यात गाठलं. "आई ठीक आहे ना? तिच्या डोळ्यांबद्दल मला शंका येते. खरं सांग. तसं असेल तर मी तिला इथे एका दिवसापुरतीही ठेवणार नाही. माझ्याकडे चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे. घर हे लोक घ्यायला तयार आहेत."

मी म्हटलं, "त्या मला पायांवरून ओळखतात." हे खोटं नव्हतं.

"सणाला येतो," तो म्हणाला. "कमान झाली की बोलू."

म्हणजे कमानीवर निळे डेलिया लागले की सगळं उघडं. मावशी चौथ्या मजल्यावर, आणि इथे हॉटेल.

२४ ऑगस्ट

कामावरून सुटल्यावर ज्युदित्ताला जाळ्यांच्या कारखान्याबाहेर गाठलं. गोल गोल बोलायला लागलो, की समज एखाद्या घराने चुकीच्या रंगाचं फूल केलं तर.

"कुठला रंग?" तिने सरळ विचारलं.

मी बोटांना चिकटलेला काथ्या काढत राहिलो.

"त्या दिवशी पाद्र्यांकडे निळं म्हणालास. निळा कागद ओर्सोलामावशीच्या पेटीत मागच्या खेपेचा उरलेला. तोच काढला असणार, लाल संपल्यावर. डोळा कुठून लावलास?"

"मागच्या झडपेतून."

"लाज नाही?"

"आहे. पण नंतर आली."

ती हसली. पहिल्यांदाच. मग मी विचारलं, मावशींना दिसत नाही हे तुला माहीत आहे?

"दोन वर्षं झाली."

"तुला एकटीला?"

"आळीला."

पाववालीला, टपालवाल्याला, पाद्र्यांना, सगळ्यांना. कोणी बोलत नाही. फाउस्तोला कळू नये म्हणून. आणि फुलं ज्युदित्ताची आई वाटते, त्यामुळे मावशींचं फूल लाल डेलिया हे तिला ठाऊक. ईस्टरला काम सुरू झालं तेव्हा बाकीच्या बायकांनी नियम मोडून आपापसांत ठरवलं, प्रत्येक घरात थोडे लाल डेलियाही करायचे, गुपचूप. ज्युदित्ताच्या गोठ्यात टोपल्या भरलेल्या आहेत.

"मग मावशींना सांगत का नाही?"

"तिला वाटतं आम्हाला माहीत नाही. तेवढं तिचं राहू दे."

धन्य आहे. आमच्या गावात कुणाला काही माहीत नसतं आणि सगळे सांगत सुटतात. इथे सगळ्यांना सगळं माहीत आणि कोणी कुणाला सांगत नाही.

ठरलं ते असं: आदल्या दिवशी मावशींच्या टोपल्या मी उचलायच्या, वाटेत गोठ्यात शिरायचं, त्या तिथे ठेवायच्या आणि लाल घेऊन वर जायचं. मी हो म्हटलं. चांगलंच काम आहे. नाही का?

६ सप्टेंबर, रविवार

आळीत पाइनच्या फांद्यांचे ढीग पडलेत. घरभर त्यांचा वास. एर्कोले दुकान बंद करून कमानीचे वासे ठोकतो, त्याच्या आळीचे. मी आमच्या आळीचे. आमच्या, असं लिहून गेलो.

मावशी खुशीत आहेत. पोलेंटाबरोबर तळलेले मासे केले. म्हणाल्या, "आळीच्या तोंडाची कमान आमच्या घराची. माझ्या सासूने केली, तिच्या सासूने केली. सासू म्हणायची, फुलाला तार बांधताना घराण्यातल्या एकेका माणसाचं नाव घे, म्हणजे फूल सैल होत नाही. मी सगळी नावं संपवली. मग शेजाऱ्यांची घेतली. तुझं पण घेतलं, कितीदा तरी."

मी ताटात बघत बसलो.

"टोपल्या तू नेशील ना? कुणाकडे देऊ नकोस, तूच ने."

"नेतो मावशी."

सांगावं का? दोनदा तोंड उघडलं. स्टुटगार्टच्या पत्राचं उत्तर पण लिहायचं राहिलं आहे.

१२ सप्टेंबर, शनिवार

सगळं लिहितो, जसं झालं तसं.

सकाळी टोपल्या नेल्या, गोठ्यात ठेवल्या, लाल उचलल्या. ज्युदित्ता आणि तिची आई शिडीवर. दुपारपर्यंत आळीच्या तोंडाची कमान लालेलाल झाली. खालच्या आळीचे लोक येऊन बघून गेले, एर्कोले म्हणाला, "वाईट नाही," म्हणजे त्याला फार आवडली. दुपारच्या बोटीने फाउस्तो आला. कमानीखाली उभा राहिला, त्याचे डोळे भरले. तो लहानपणी इथे तार कापून द्यायचा म्हणे.

मग मावशी बाहेर आल्या. काळी शाल, नवे बूट. सगळी आळी बाजूला झाली. त्या एकट्या चालत कमानीपर्यंत आल्या, कुठेही न अडखळता. हात वर केला. एका फुलाला लागला. ते चाचपलं. मग दुसरं. मग खालचं तिसरं.

"ही माझी नाहीत," त्या म्हणाल्या.

त्या पुन्हा पहिल्या फुलाकडे आल्या.

"ही तार उजवीकडे पिळली आहे. ही चिआराच्या हातची." चिआरा म्हणजे ज्युदित्ताची आई. "आणि हे पाववालीचं, ती मेण जास्त लावते. माझी कुठे आहेत? सावेरिओ?"

मी पुढे गेलो. "गोठ्यात आहेत, मावशी."

"का?"

"ती निळी आहेत. लाल थोडी आहेत, बाकी सगळी निळी."

त्यांचा चेहरा मी बघितला. मला वाटलं, आता बसतील. त्या बसल्या नाहीत. विचारलं, "निळी म्हणजे कशी?"

"शाईसारखी. भर दुपारी तळ्याच्या मधोमध असतं ना, तशी."

"आणि हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं."

चिआराबाई शिडीवरून म्हणाल्या, "ओर्सोला, आम्हाला वाटलं तुला वाईट वाटेल."

"वाटलं ना. आंधळीला फसवता येईल असं पण वाटलं."

आंधळी हा शब्द त्यांनी स्वतः उच्चारला, सगळ्या आळीसमोर, मुलासमोर. फाउस्तो पांढरा पडला. "आई. कधीपासून?"

"थांब. तुझं नंतर." मग शिडीकडे तोंड करून म्हणाल्या, "चिआरा, हा नवस कुणाचा? माझ्या घराचा ना? नवस हाताने फेडतात. तो रंगाने फिटत असता तर एर्कोलेच्या रंगाच्या पिंपात फुलं बुडवून फेडला असता. उतरवा ही. माझी लावा."

"लोक हसतील, ओर्सोला."

"हसू देत. मला हसणारी माणसं तरी ऐकू येतील. तुमचं दोन वर्षं काहीच ऐकू आलं नाही."

चिआराबाई शिडीवरच रडायला लागल्या. ज्युदित्ताने मला कोपर मारलं. आम्ही गोठ्याकडे पळालो.

दिवस मावळेपर्यंत सगळी आळी त्याच कामाला. फाउस्तोने कोट काढून ठेवला आणि तार कापून द्यायला लागला. लाल डेलिया फुकट गेले नाहीत, मावशींनीच सांगितलं, ते मागच्या बाजूला लावा, ज्यांचे त्यांच्या नावाने. समोरून निळं आणि मागून लाल.

१३ सप्टेंबर, रविवार

बोटीच्या बोटी भरून लोक आले. खालच्या आळीची पोरं ओरडत होती, "वरच्या आळीत शाई सांडली." एर्कोले दिवसभर हेच म्हणत फिरला आणि दिवसातून कितीदा तरी ती शाई बघायला आला. बोटीतून आलेल्या एका बाईने मावशींना विचारलं, हे कोणतं फूल हो, कुठे मिळतं? मावशी म्हणाल्या, "इथेच. पण बिया देत नाही."

मिरवणूक कमानीखालून गेली. निळ्याखाली सगळ्यांचे चेहरे वेगळेच दिसत होते, पाण्याखालून बघावं तसे. मी किती वेळ तिथेच उभा होतो.

१५ सप्टेंबर

फाउस्तो सकाळपासून बोलत होता. चौथा मजला, लिफ्ट, दवाखाना. ओरडत नव्हता, विनवत होता. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"लिफ्टमधून उतरून जायचं कुठे?"

"कुठेही. बागेत."

"बागेत कोणाचे पाय ओळखीचे आहेत?"

मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तू राहणार आहेस का? तू असशील तर मी निदान..." खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं.

मावशीच म्हणाल्या, "त्याला यात ओढू नकोस. त्याच्या भरवशावर मी घर ठेवत नाही. तो जाईल, त्याचा स्वभावच आहे. मी काल चिआराकडे गेले होते. ज्युदित्ता जाळ्यांचं काम माझ्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत आणेल, दिवसभर तिथे असेल. पाववाली चूल बघेल. आधी मागता येत नव्हतं, कारण आधी मला दिसत होतं." एवढं बोलून स्वतःच हसल्या. "आता दिसत नाही, आता मागता येतं."

फाउस्तोने कोट चढवला. मग म्हणाला, हिवाळाभर बघतो, दर रविवारी येतो, आणि पडलीस तर मी ऐकणार नाही. मावशी म्हणाल्या, "पडले तर मीच कळवीन." हॉटेलवाल्याला तो काय सांगणार, हे मी विचारलं नाही. बोटीवर चढताना त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडायला वेळ लावला.

त्याच्या भरवशावर घर ठेवत नाही, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं का वाटलं नाही कोण जाणे.

२० सप्टेंबर, रविवार

काल कमानी उतरवल्या. फांद्या जाळल्या. फुलं ज्याने त्याने नेली. एर्कोलेने एक निळं खिशात घातलं आणि मी पाहिलं नाही असं समजला.

दुपारी वरच्या आळीची सभा झाली, चिआराबाईंच्या गोठ्यात. पुढच्या खेपेची फुलं वाटून घ्यायला. पुढची खेप पाच वर्षांनी, पण रीत अशी की लगेच वाटायची. मी बाहेर बसून नावेचं वल्हं घासत होतो, कारण आत घरवाल्यांनाच जाता येतं. ज्युदित्ता बाहेर आली. "आत ये. तुला बोलावलंय."

"मला कशाला?"

"माडीला वेगळं घर धरायचं ठरलंय. ओर्सोलामावशी म्हणाली, खाली एक फूल, वर एक. हात वर करून मतंही झाली. ये आता, वल्हं पळून जात नाही."

आत सगळ्या बायका आणि दोन-तीन म्हातारे. कोणी माझ्याकडे खास बघितलं नाही, म्हणून बरं वाटलं. चिआराबाई कानाशी आल्या आणि माझ्या फुलाचं नाव सांगितलं. अवघड आहे. पाकळ्या बारीक आहेत, आतून एक रंग आणि बाहेरून दुसरा. कागद कसा दुमडायचा ते मी वाटभर बोटांवर करून पाहत आलो, मावशींनी विचारलं, काय रे, बोटं का वाजवतोस, मी म्हटलं, काही नाही.

चुलतभावाला पत्र लिहायचं आहे. बघू, पुढच्या आठवड्यात.

फूल कोणतं, ते इथे लिहिणार नाही.